खिडक्या आवरायचं काम कोणाचं?

मंडळी, माझी बहीण त्यांच्या सोसायटीची खजिनदार आहे. मागच्या रविवारी मी तिच्या शेजारी बसून बघत होतो. कॉम्प्युटरच्या एका खिडकीत बँकेचं स्टेटमेंट, दुसरीत एक्सेल, तिसरीत व्हॉट्सॲपवर आलेले मेंटेनन्सचे स्क्रीनशॉट. ती रक्कम बघायची, मग तोंडाने पुटपुटत, तीन हजार चारशे पन्नास, तीन हजार चारशे पन्नास, खिडकी बदलायला आल्ट-टॅब दाबायची, आणि समोर यायची भलतीच खिडकी, की आकडा डोक्यातून गेलाच, चला परत स्टेटमेंटकडे. एका नोंदीला चार हेलपाटे. मला खरंच वाईट वाटलं, कारण तिचं कुठेच चुकत नव्हतं.

हे असं का झालं ते बघायला जरा मागे जाऊ. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात आल्टो हा कॉम्प्युटर तयार झाला, आणि तिथे ॲलन के आणि त्यांच्या टीमने स्मॉलटॉक या त्यांच्या प्रोग्रामिंग भाषेत एकावर एक येणाऱ्या खिडक्या आणल्या. स्क्रीन लहान, दाखवायचं बरंच, मग टेबलावर कागद ठेवतो तसे एकावर एक ठेवा. सुंदर कल्पना होती, आणि त्या अडचणीला अगदी चपखल होती. १९८४ चा मॅकिन्टॉश घ्या, ९ इंची स्क्रीन, ५१२ बाय ३४२ पिक्सेल, आणि एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा. तेवढ्या पसाऱ्यात माणूस हरवत नाही हो. आज माझ्याकडे २७ इंची मॉनिटर आहे, त्यावर चाळीस टॅब उघडे असतात, आणि ते लावायचं, शोधायचं, सरकवायचं काम अजून माझ्याच गळ्यात.

म्हणजे आकार बदलले, पण कॉम्प्युटरला आजही फक्त खिडक्या कळतात, माझं काम कळत नाही.

गंमत म्हणजे हे पार्कमध्येच ओळखलं गेलं होतं. ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ मध्ये 'रूम्स' नावाची सिस्टिम मांडली. त्यांचं निरीक्षण असं, की माणूस एका कामासाठी ठरावीक चार-पाच खिडक्या एकत्र वापरतो, मग दुसऱ्या कामाला लागला की दुसऱ्या चार-पाच. मेमरी कमी पडली की कॉम्प्युटर डेटाची पानं मेमरीतून डिस्कवर आत-बाहेर करण्यातच दमतो ना, तसंच माणसाचं होतं. म्हणून प्रत्येक कामाला एक खोली, आणि खोल्यांमध्ये दारं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तीच खिडकी दोन खोल्यांत असू शकायची, एकीत मोठी, दुसरीत कोपऱ्यात. आजचे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून-पालटून दिसणारे वेगवेगळे डेस्कटॉप, त्याच वाटेवरचे, पण हा भाग बहुतेक ठिकाणी गळला, आणि मशीन रीस्टार्ट झालं की मांडणी बऱ्याचदा मोडते ती मोडतेच.

जेफ रास्किन तर आणखी पुढे गेले. मॅकिन्टॉश प्रोजेक्ट १९७९ मध्ये त्यांनीच सुरू केला, पण १९८७ च्या त्यांच्या कॅनन कॅट या कॉम्प्युटरमध्ये खिडक्याच नव्हत्या, माऊसही नव्हता. सगळा मजकूर सलग, आणि स्पेस बारच्या खाली दोन 'लीप' बटणं, एक दाबून धरायचं, हवा तो शब्द टाइप करायला लागायचं, की कर्सर तिथे. पुन्हा सुरू केलं की जिथे सोडलं तिथेच. फार टिकलं नाही ते मशीन. तरी 'जिथे सोडलं तिथेच' एवढी एक गोष्ट मला आजही हवी आहे.

आता लिनक्सवर खिडक्या मांडणारे पेपरडब्ल्यूएम आणि निरी हे प्रोग्राम बघा. तिथे खिडक्या एका आडव्या रांगेत बसतात, पंगतीसारख्या. नवा माणूस आला की रांग सरकते, पण कुणाचं ताट लहान होत नाही, कुणी कुणाच्या मांडीवर बसत नाही. चार दिवस सवय होईपर्यंत त्रास होतो, खोटं सांगत नाही, मग हात आपोआप डावी-उजवीकडे जातो. पण यालाही अजून काम कळत नाही, रांगच कळते.

बहिणीला मी विचारलं, तुला नेमकं काय हवंय? ती म्हणाली, महिन्याच्या पाच तारखेला 'हिशेब' म्हटलं की ती तिन्ही पानं शेजारी-शेजारी उघडावीत, आणि एक्सेल मी मागच्या वेळी थांबले होते त्याच ओळीवर असावं.