पाऊल कुठे पडते?

ट्रेडमिलवर दोन धावपटू शेजारी शेजारी धावत आहेत. दोघांचा वेग सारखाच, ताशी १० किलोमीटर आहे. एकाने धावायला नुकतीच सुरुवात केली आहे, तर दुसरा अनेक वर्षे लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरतो आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहिले, तर पहिल्याचे धावणे आदळल्यासारखे आणि दुसऱ्याचे सहज वाटते. पण ही सहजता नेमकी कशात आहे, हे सांगता येत नाही. म्हणून या दोघांच्या धावण्याचे चित्रण आता बाजूने आणि मंदगतीने पाहू.

नवख्या धावपटूचा उजवा पाय पुढे आला आहे. गुडघा जवळजवळ ताठ आहे, पायाची बोटे वर उचललेली आहेत आणि टाच जमिनीला टेकते त्या क्षणी घोटा गुडघ्याच्याही बराच पुढे गेलेला आहे. पाऊल असे पुढे पडले की जमिनीकडून येणाऱ्या बलाचा एक भाग मागच्या दिशेने लागतो आणि शरीराला ब्रेक बसतो. हा ब्रेक थोड्याफार प्रमाणात प्रत्येकालाच बसतो. मात्र तो जितका मोठा, तितका गमावलेला वेग परत मिळवण्यासाठी स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. अनुभवी धावपटूच्या चित्रणात त्याच क्षणी गुडघा आधीच किंचित वाकलेला दिसतो, घोटा जवळजवळ त्याच्या खाली असतो आणि नडगी उभी असते.

पाय जमिनीवर टेकून राहण्याचा काळ या वेगाला साधारण पाव सेकंदाचा असतो. तेवढ्या अवधीत जमिनीकडून येणारे उभे बल शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पटींपर्यंत चढते. मिनिटाला १७० पावले धरली, तर तासाभराच्या धावण्यात प्रत्येक पाय पाच हजारांहून अधिक वेळा हा भार झेलतो. त्यामुळे एका पावलातला फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटला, तरी पायाला तो तसा नसतो.

येथे टाचेविषयी थोडे बोलायला हवे, कारण टाच आधी टेकली म्हणजे धावणे चुकले, असा समज फार पसरलेला आहे. जपानमधील एका हाफ मॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरच्या टप्प्यावर अव्वल धावपटूंची पावले चित्रित करण्यात आली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील २८३ धावपटूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश धावपटू टाचेवरच उतरत होते. तेव्हा टाच आधी टेकते की चवडा, यापेक्षा पाऊल शरीराच्या किती पुढे पडते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पाऊल पडल्यानंतरचे काम बरेचसे कंडरांचे, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे असते. शरीराचा भार पायावर येतो तेव्हा टाचेमागची अकिलिस कंडरा ताणली जाते, तळपायाची कमान दबते आणि पाय उचलताना दोन्ही पूर्ववत होत साठवलेली ऊर्जा परत देतात. प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेल्या हिशेबानुसार, एका पावलात जेवढ्या यांत्रिक ऊर्जेची उलाढाल होते, तिच्यापैकी सुमारे ३५ टक्के अकिलिस कंडरा आणि सुमारे १७ टक्के तळपायाची कमान साठवू शकते. ही ऊर्जा जवळजवळ फुकटची असते; तिच्यासाठी वेगळा प्राणवायू खर्च करावा लागत नाही.

आता केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावले मोजली आणि लांब पल्ल्याचे बहुतेक सगळेच धावपटू मिनिटाला १८० किंवा त्याहून अधिक पावले टाकत असल्याचे त्यांना आढळले. पुढे या निरीक्षणाचा सरसकट नियम झाला. परंतु ती मोजणी शर्यतीच्या वेगाला झाली होती, आणि सावकाश धावणाऱ्याने तोच आकडा गाठण्याचा हट्ट धरावा, याला फारसा आधार नाही.

अधिक उद्बोधक आहे तो २०१४ चा एक डच अभ्यास. त्यात अनुभवी आणि नवख्या अशा दोन गटांतल्या धावपटूंना ठरावीक वेगाने, पण निरनिराळ्या केडन्सने धावायला लावून प्राणवायूचा वापर मोजण्यात आला. आपणहून निवडलेली केडन्स दोन्ही गटांत सर्वांत किफायतशीर केडन्सपेक्षा कमीच निघाली. मात्र अनुभवींच्या बाबतीत हे अंतर सुमारे ३ टक्के होते, तर नवख्यांच्या बाबतीत सुमारे ८ टक्के. म्हणजे नवखा धावपटू गरजेपेक्षा लांब ढांगा टाकतो. हे अंतर बऱ्याच अंशी सरावानेच कमी होते, असे मानायला जागा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धावण्याची नुकतीच सुरुवात केलेल्या स्त्रियांचा दहा आठवड्यांनंतर प्राणवायूचा खर्च घटला होता, आणि पाय जमीन सोडताना त्यांचा गुडघा पूर्वीइतका ताठ होत नव्हता.

दमल्यावर मात्र दोन्ही गटांतला फरक पुन्हा उघड होतो. शक्ती संपेपर्यंत धावायला लावले असता नवख्यांच्या हालचालींत, विशेषतः धड पुढे झुकण्यात, स्पर्धक धावपटूंपेक्षा अधिक बदल होतो. धावण्याची तपासणी केवळ ताज्या पायांनी, पहिल्या दोन मिनिटांत उरकली, तर हा भाग नजरेतून निसटतो.

ढांगा मुद्दाम आखूड करायच्या असतील, तर स्वतःच्या नेहमीच्या केडन्सपासून सुरुवात करावी. ती ५ ते १० टक्क्यांनी वाढवल्यास गुडघ्यावरील भार कमी होतो, हे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. मिनिटाला १६० पावले टाकणाऱ्याने मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेका देणारे यंत्र, १६८ वर लावावा आणि सुरुवातीला काही मिनिटेच त्या ठेक्यावर धावावे. टाचेऐवजी चवड्यावर उतरायला लागल्यास मात्र गुडघ्याचा भार हलका होऊन पोटरी आणि अकिलिस कंडरेवर जातो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडांना आणि कंडरांना त्यासाठी महिने लागतात. नवख्या धावपटूचा दम टिकू लागतो त्याच सुमारास त्याची नडगी दुखू लागते, त्यामागे हेही एक कारण असते.