फूल हरलं, भाऊ जिंकले

(दृश्य: मांडवीतून जाणारी खनिजाची बार्ज)

निवेदन:
लाल खनिजाने काठोकाठ भरलेल्या बार्ज मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदराला लागायच्या. तिथून माल जहाजात चढायचा आणि जपानची वाट धरायचा. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या काळात या धंद्याने गोव्यात मोजके खाणमालक उभे केले. त्यातले एक पेडण्याचे दयानंद बांदोडकर. जन्म 1911 चा. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, किंवा नुसतं भाऊ. दानधर्मात त्यांचा हात सढळ होता आणि क्रिकेटचं वेड जबरदस्त.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, मुक्तीनंतरची पणजी)

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, पण भाटकार, म्हणजे जमीनदार, होते तिथेच राहिले. जमीन त्यांची, घाम कुळांचा. हा सल भाऊंनी नेमका ओळखला. स्वतः गडगंज असलेला माणूस बहुजन समाजाचा पुढारी झाला, याचं कोणाला नवल वाटलं असेल तर ते पणजीच्या दिवाणखान्यांत. गावात नाही.

1963 च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोवा आपल्या सरकारने सोडवला, तेव्हा मतं कुठे जाणार, अशा थाटात काँग्रेस उतरली. गोव्याच्या भूमीवर तिला एक जागासुद्धा मिळाली नाही! सत्ता आली भाऊंच्या, सिंह चिन्हाच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे. गंमत म्हणजे भाऊ स्वतः निवडणुकीला उभेच नव्हते. आधी ते मुख्यमंत्री झाले, आमदारकी नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून आली.

पुढच्याच वर्षी कूळ कायदा आला. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यांच्या घरात आजवर कोणी अक्षर गिरवलं नव्हतं, ती पोरं पाटी घेऊन बसली.

(दृश्य: मतपत्रिकेची प्रतिकृती: फूल आणि दोन पानं)

पण पक्षाचा जीव अडकला होता तो गोवा महाराष्ट्रात विलीन करण्यात. 'झालाच पाहिजे' ही त्यांची घोषणा. समोरून कोकणीत उत्तर येई, 'आमचें गोंय आमकां जाय', म्हणजे आमचा गोवा आम्हाला हवा. या प्रश्नावर लोकांचं मत घ्यायचं ठरलं. हा जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर 1966 मध्ये भाऊंचं सरकार पायउतार झालं. 16 जानेवारी 1967 ला मतदान. विलीनीकरणाला फूल, वेगळ्या गोव्याला दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं, पानांना 1,72,191.

34,021 मतांनी आयुष्याचं स्वप्न मोडलं. दुसरा कोणी घरी बसला असता. पण दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक लागली आणि त्याच गोवेकरांनी पुन्हा भाऊंनाच मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण नको, भाऊ मात्र हवेत! आमच्या मते यात विसंगती काहीच नाही. कुळाला सातारा-सोलापूरशी काय देणंघेणं? त्याला भाटकारासमोर ताठ उभं राहायचं होतं.

1970 मध्ये पक्षातल्याच आमदारांनी बंड केलं. विरोधकांतून काही जण हाताशी धरून भाऊंनी खुर्ची राखली. 1972 मध्ये पुन्हा जिंकले. 12 ऑगस्ट 1973 ला, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, त्यांचं निधन झालं.

कारभार आला कन्या शशिकला काकोडकरांकडे. कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देणारी कायद्याची पाचवी दुरुस्ती त्यांच्याच काळातली, 1976 ची. भाटकारांनी ती कोर्टात नेली आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षं चालला.