ट्रकवर जायचंय? मग पहिलं वर्ष नीट काढा

नमस्कार मंडळी. कंपनीतलं काम सुटलंय, किंवा शेतीत आता भागत नाही, वय तिशीच्या आसपास आलंय आणि डोक्यात चाललंय की आता हेवी लायसन्स काढावं आणि ट्रकवर जावं, असं ज्यांचं चाललंय ना त्यांच्यासाठीच आज बोलतोय. मी स्वतः असाच उशिरा या लाईनीत आलो, आधी वर्कशॉपमधे होतो, आणि तेव्हा मला कोणी चार गोष्टी नीट बसवून सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं असं अजून वाटतं, म्हणून हे बोलणं.

आधी लायसन्सचं बघू. ट्रक चालवायला वय २० पूर्ण लागतं, आणि हेवीचं लर्निंग काढायच्या आधी हातात साधं चारचाकीचं पक्कं लायसन्स किमान एक वर्ष असावं लागतं. डॉक्टरचा दाखला लागतो, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मधे काढून टाकली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटली म्हणून कोणी मागे राहू नका. हेवी लायसन्स आता पाच वर्षांनी रिन्यू होतं. पेट्रोल, गॅस, केमिकलचा टँकर चालवायचा असेल तर तीन दिवसांचा वेगळा कोर्स आहे, तो या लाईनीत थोडं मुरल्यावर करा.

आता तो मधला एक वर्षाचा काळ असतो, त्याचं काय करायचं? तर लहान गाडी चालवायची. नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलंय की साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या चारचाकीच्या लायसन्सवर गाडी आणि माल मिळून साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे छोटा टेम्पो, टाटा चारशेसात वगैरे. भाजी मार्केटची फेरी मारा, सिमेंट टाका, फर्निचर पोचवा. माल भरलेली गाडी ब्रेकला कशी लांबते, वळणावर कशी झुकते, मागं घेताना आरशात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिथंच कळतं. एजंटला पैसे देऊन न शिकता सर्टिफिकेट मिळवणारे आहेत, मला माहितीय, पण भावांनो दहा टायर गाडी, पूर्ण भरली की साडेअठ्ठावीस टनाला पास असलेली, ती असल्या सर्टिफिकेटवर थांबत नाही.

आणि जमलं तर सुरवातीला एखाद्या जुन्या उस्तादाबरोबर किन्नर, म्हणजे क्लीनर, ड्रायव्हरचा मदतनीस म्हणून जा. त्यात कमीपणा नाही. तिशीचा माणूस वीस वर्षाच्या पोराच्या बरोबरीनं ताडपत्री बांधतोय, टायर ठोकून हवा बघतोय, लोक हसतील, हसू द्या.

घाटाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्याकडं माणसं मरतात ती इथं. कसारा असो, खंबाटकी असो, बोरघाट असो, आंबोली असो, चढायला जो गिअर लागला असता साधारण त्याच गिअरमधे उतरायचं हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे आणि तो आजही खरा आहे. गाडी गिअरमधे असली की इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक, असला तर आणखी धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, तापले की ब्रेक लागतच नाही, आणि उताराला इंजिन बंद केलं असेल तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर पण बंद, हवा संपत जाते, स्टिअरिंग जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, तिथले अपघात तुम्ही पेपरात वाचलेच असतील, दरवेळी विषय निघतो तो न्यूट्रलचा आणि तापलेल्या ब्रेकचा. आणि हे सगळं कशासाठी तर डिझेल वाचवायला! आताच्या गाड्यांमधे उताराला गिअरमधे असताना पाय उचलला की डिझेल जाणंच बंद होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. हे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला आणि त्याहून जास्त प्रत्येक मालकाला कळायला पाहिजे.

कागदांचं पटकन सांगतो. गाडी हलवायच्या आधी बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, आणि ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाईन कागद, स्वतः वाचा, त्यावरचा गाडी नंबर आपल्याच गाडीचा आहे का बघा. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, वाटेत गाडी बिघडली तर लगेच मालकाला कळवा म्हणजे मुदत वाढवता येते. नव्या बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाडीत धूर साफ करायला युरियाची टाकी असते ती रिकामी होऊ देऊ नका, इंजिनची ताकदच कमी होते. आणि वजनकाट्याची पावती खिशात पाहिजे म्हणजे पाहिजे. ओव्हरलोडला कायद्यात २० हजार दंड आणि वरच्या दर टनाला २ हजार आहे. दंडाचं सोडा एकवेळ, पण जास्तीचे चार टन उताराला तुमच्या अंगावर येतात, मालकाच्या नाही.

म्हणून मला वाटतं नव्या ड्रायव्हरनं पहिल्या वर्षात एक गोष्ट पक्की शिकावी, नाही म्हणायची. ओव्हरलोडला नाही. आणि झोप आली असताना पुढं चल म्हणणाऱ्याला नाही. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं, रस्त्यावर ते किती पाळलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री दोन ते पाच हा टाईम सगळ्यात वाईट. चहा पिऊन, तोंडावर पाणी मारून, तंबाखू लावून झोप जात नाही, ती फक्त पुढं ढकलली जाते आणि मग उघड्या डोळ्यांनी येते. समृद्धीसारखा ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता असला की आणखीच, कारण हातपाय हलायलाच काही नसतं. अशा वेळी हायवेच्या कडेला अंधारात गाडी लावू नका, मागून येणाऱ्याला दिसत नाही, पंप किंवा ढाबा गाठा आणि झोपा. मालक ओरडेल. ओरडू द्या. ज्या मालकाला एवढं पण चालत नाही त्याची गाडी सोडा, दुसरी मिळते, चांगल्या ड्रायव्हरला आज काम कमी नाही.

पैशाचं बोलणं फेरीला निघायच्या आधीच करा. पगार किती, भत्ता रोजचा का फेरीचा, गाडी दोन दिवस लोडसाठी थांबली तर भत्ता चालू का बंद, पंक्चर, हमाली कोणाकडं, चलान आलं तर कोण भरणार. आणि खर्ची, म्हणजे वाटखर्चाला मालक देतो ते पैसे, त्याचा हिशोब रोजच्या रोज वहीत लिहा, फेरी संपल्यावर आठवून लिहिलेल्या हिशोबात ड्रायव्हरचाच तोटा होतो.

ऐकणाऱ्या ताईंसाठी पण सांगतो. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी, वकिलीची पदवी असलेल्या, पती गेल्यावर मुलांसाठी ट्रकवर आल्या आणि देशभर गाडी चालवली. रस्त्यावर बाईमाणसाला साधं स्वच्छ बाथरूम मिळत नाही ही आपल्या सगळ्यांची लाज आहे, ते बदलायलाच पाहिजे. पण चालवणं जमतं, अगदी जमतं. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमधे एसी सक्तीचा केलाय, मे महिन्यात विदर्भात ज्यानं गाडी चालवलीय त्याला विचारा याची किंमत.

तर ज्यांच्याकडं अजून चारचाकीचं पण लायसन्स नाही त्यांनी या आठवड्यातच लर्निंगचा फॉर्म भरा. लर्निंगनंतर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, आणि हेवीसाठीचं ते एक वर्ष मोजायचं पक्क्या लायसन्सपासून, लर्निंगपासून नाही. मधल्या काळात कुठल्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर सकाळी मार्केटला जाता येईल ते आजच विचारून ठेवा.