लागोसचा तह आणि एका घराण्याच्या तीन पिढ्या

मित्रहो, मेकॉले म्हटलं की आपल्याला एकच माणूस आठवतो, १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणाचा. आज मी ज्या थॉमस बॅबिंग्टन मेकॉलेबद्दल बोलणार आहे तो रंगानं काळा, वंशानं योरुबा, म्हणजे आजच्या नैऋत्य नायजेरियातल्या समाजाचा, आणि पेशानं शाळामास्तर होता. त्याचा जन्म १८२६ चा, म्हणजे आपला मेकॉले मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला त्याच्या आठ वर्षं आधीचा. जन्मगाव सिएरा लिओनमधलं. आपल्या मेकॉलेचे वडील झॅकरी मेकॉले १७९० च्या दशकात तिथं गव्हर्नर होते, त्यामुळे त्या वसाहतीत हे नाव नवं नव्हतं.

हा शाळामास्तर घराण्याच्या मधल्या पिढीतला. त्याच्या आधी त्याचा सासरा, सॅम्युएल अजायी क्राउदर. त्याच्यानंतर मुलगा, हर्बर्ट मेकॉले. आजोबा इंग्रजांनी नेमलेला पहिला आफ्रिकी बिशप, आणि नातू नायजेरियातल्या राष्ट्रीय चळवळीचा आद्य पुढारी. ही गोष्ट सहसा अशी सांगतात की आजोबा राजनिष्ठ, नातू बंडखोर, मध्ये पिढी बदलली आणि डोळे उघडले. मला हे पटत नाही. या घराण्याची सगळी गोष्ट एका शहराभोवती आणि त्या शहराच्या एका कागदाभोवती फिरते असं मला वाटतं. शहर नायजेरियाच्या किनाऱ्यावरचं लागोस, आणि कागद ते इंग्रजांच्या हाती देणारा १८६१ चा तह.

सुरुवात मात्र लागोसपासून दूर, ओसोगुन नावाच्या योरुबा गावात होते. १८२१ साली एका सकाळी गावावर धाड पडली. ओयोचं जुनं योरुबा राज्य तेव्हा मोडत होतं आणि त्या मोडतोडीत माणसं पकडून विकणं हा धंदा झाला होता. अजायी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. आई, बहिणी आणि तो, सगळ्यांच्या गळ्यात दोर पडले आणि लवकरच सगळ्यांची ताटातूट झाली. पुढं मोठेपणी त्यानं हे सगळं एका पत्रात लिहून ठेवलं. एकदा त्याला घोड्याच्या बदल्यात दिलं, घोडा पसंत पडला नाही म्हणून सौदा फिरला. मग तंबाखू आणि दारूच्या बदल्यात विकला. गोऱ्यांच्या हाती लागण्याची धास्ती इतकी की रात्री स्वतःच्या कमरपट्ट्यानं गळा आवळायचा प्रयत्न त्यानं केला, पण धीर झाला नाही. हे पत्र वाचावं. त्यात आक्रोश नाही, देवघेवीचा हिशेब आहे, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

लागोसला त्याला पोर्तुगीज व्यापाऱ्यांना विकलं. १८२२ च्या एप्रिलमध्ये जहाज निघालं आणि इंग्रजांच्या ‘मर्मिडन’ या युद्धनौकेनं ते अडवलं. १८०७ साली ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला होता आणि त्यांच्या गस्तीच्या नौका अशी जहाजं पकडून माणसं सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवत. तिथं मिशन होतं, शाळा होती, बाप्तिस्मा होता. अजायीचा सॅम्युएल क्राउदर झाला; लंडनच्या एका पाद्र्याचं ते नाव. १८२७ मध्ये फुरा बे इथं महाविद्यालय निघालं, त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. त्याची बायको असानो, हीसुद्धा अशाच जहाजावरून सुटलेली.

इथं जरा आपल्याकडे वळतो, कारण हे यंत्र फ्रीटाउनपुरतं नव्हतं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरची मुलं मुंबईला उतरवत. त्यातली अनेक नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. मिशन तीच, चर्च मिशनरी सोसायटी, जिनं क्राउदरला वाढवलं. आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंग्स्टन याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत आणि पुढं वेस्टमिन्स्टरपर्यंत सोबत जाणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो नाशिकला शिकलेला. १८७५ च्या सुमारास यातले बरेचजण मोंबासाजवळ फ्रीअर टाउन इथं वसायला गेले. ज्या बार्टल फ्रीअरनं मुंबईचा कोट पाडला त्याच्याच नावाची ती वस्ती. नाशिककरांनी या लोकांवर अजून पुरेसं लिहिलेलं नाही.

तर क्राउदर. १८४३ मध्ये ते पाद्री झाले. त्याच वर्षी त्यांचा योरुबा शब्दसंग्रह छापला गेला. १८४६ मध्ये ते मिशनरी म्हणून अबेओकुटा या योरुबा शहरात गेले, आणि तिथं पंचवीस वर्षांनी त्यांना आई भेटली. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर आपण योगायोगाला नाक मुरडलं असतं. पण अबेओकुटा वसलं होतं तेच मुळी उद्ध्वस्त गावांतून पळालेल्या माणसांचं, त्यामुळे हरवलेलं माणूस सापडायचंच तर तिथं. आईचं नाव अफाला. १८४८ साली मुलाच्या मिशनमध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला आणि तिचं नाव ठेवलं हॅना, बायबलमधल्या सॅम्युएलच्या आईचं. मुलाला नाव इंग्रजांनी दिलं आणि आईला ते मुलावरून मिळालं.

आता १८५१. क्राउदर इंग्लंडला गेले आणि विंडसरच्या राजवाड्यात त्यांना बोलावणं आलं. प्रिन्स अल्बर्टसमोर टेबलावर नकाशा पसरलेला. क्राउदर लागोस कुठं, अबेओकुटा कुठं ते दाखवत होते, लागोसच्या बंदरातून गुलाम कसे जातात ते सांगत होते. एक बाई येऊन बसली होती, प्रश्न विचारत होती. ही व्हिक्टोरिया राणी आहे हे त्यांच्या बरंच उशिरा ध्यानात आलं. मग त्यांनी योरुबात प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवली. राणी म्हणाली, भाषा गोड आहे. त्यांनी पंतप्रधानपदापर्यंत पुढे गेलेल्या पामर्स्टनचीही भेट घेतली. सांगणं एकच होतं, की लागोसचा राजा कोसोको हटल्याशिवाय हा व्यापार थांबणार नाही.

त्याच डिसेंबरात इंग्रजी तोफांनी लागोस भाजून काढलं. हे क्राउदरांच्या एकट्याच्या सांगण्यावरून झालं असं कुणी म्हणणार नाही. पाम तेलाचा व्यापार होता, इंग्रज कॉन्सल बीक्रॉफ्टचा आग्रह होता, अबेओकुटाचं मिशन धोक्यात होतं. पण त्या नकाशावर क्राउदरांचं बोटही फिरलं होतं. ज्या बंदरातून स्वतःला विकलं, ते बंद करायला तोफा बोलावणाऱ्या माणसाला मी दोष कुठल्या तोंडानं देऊ? आणि तरीही दहा वर्षांनी, ६ ऑगस्ट १८६१ ला, नवा राजा दोसुन्मू याच्याकडून इंग्रजांनी तहावर सही घेतली आणि लागोस ‘बेट, बंदर आणि जमिनीसह’ राणीचं झालं. समोर युद्धनौका उभी होती.

मधली पिढी मी भरभर सांगतो. तिच्याबद्दल कागदही कमी आहेत. क्राउदरांची मुलगी अबिगेल हिचं १८५४ मध्ये मेकॉले मास्तरांशी लग्न झालं. १८५९ मध्ये मास्तरांनी लागोसला चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे सीएमएस, ग्रामर स्कूल काढलं, पटावर सहा मुलं. सिएरा लिओनहून परतलेल्या या लोकांना लागोसमध्ये ‘सारो’ म्हणत. इंग्रजी पोशाख, इंग्रजी नावं, घरात पियानो, आणि घराच्या जागेचा सरकारी पट्टा. हा पट्टा लक्षात ठेवा. वसाहतीनं जमिनीच्या सनदा वाटल्या तेव्हा त्याचा फायदा सर्वांत आधी सारोंना झाला. १८७८ मध्ये देवीच्या साथीत मेकॉले मास्तर गेले. अबिगेलनं पुढं घर कसं चालवलं, बापाच्या आणि मुलाच्या मधल्या त्या वर्षांत ती काय विचार करत होती, हे कुणी लिहून ठेवलं नाही. अशा घराण्यांच्या इतिहासात बायका बहुधा लग्नाच्या तारखेपुरत्याच येतात.

इकडे क्राउदर १८६४ मध्ये कँटरबरीला बिशप झाले. त्यांची नेमणूक राणीच्या हद्दीबाहेरच्या पश्चिम आफ्रिकेसाठी होती. म्हणजे हद्दीतल्या गोऱ्या पाद्र्यांवर काळा बिशप नको, ही सोय आधीच केलेली. तरी नायजर नदीवर त्यांनी पंचवीस वर्षं केवळ आफ्रिकी माणसांच्या बळावर मिशन चालवलं. मग व्यापारी कंपनी आली, आणि केंब्रिजहून ताज्या दमाचे तरुण मिशनरी आले. त्यांना हे सगळं भोंगळ वाटलं. काही माणसं खरोखर नालायक होती, हेही सांगायला हवं. क्राउदरांची देखरेख ढिली होती. पण १८९० च्या ऑगस्टमध्ये ओनित्शाच्या बैठकीत ऐंशी पार केलेल्या बिशपासमोर त्याच्याच माणसांना पटापट निलंबित केलं, त्यात त्यांचा मुलगा आर्चडीकन दांडेसनही होता. म्हाताऱ्यानं समितीचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ते गेले, आणि त्यांच्या जागी गोरा बिशप आला. दांडेसननं १८९२ मध्ये डेल्टातली मंडळी घेऊन वेगळी चूल मांडली. बंड नातवानं सुरू केलं म्हणणाऱ्यांनी ही तारीख बघावी. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी या प्रकाराबद्दल माफी मागितली ती २०१४ मध्ये.

हर्बर्ट तेव्हा प्लिमथमध्ये, सरकारी खर्चानं स्थापत्य आणि मोजणी शिकत होता. १८९३ मध्ये परतला आणि सरकारी जमिनींचा सर्व्हेअर झाला. म्हणजे ज्या तहानं लागोसची जमीन राणीची झाली, त्या जमिनीच्या हद्दी आखणं हेच त्याचं काम. गोऱ्यांना त्याच कामाचा पगार जास्त, वर आरोप-प्रत्यारोप. १८९८ मध्ये त्यानं नोकरी सोडली. पण कुठला तुकडा कुणाचा, हे आता त्याच्याइतकं शहरात कुणाला ठाऊक नव्हतं.

१९१३ मध्ये सरकारनं आपापा इथली जमीन घेतली. तिथला सरदार अमोडू तिजानी ओलुवा मोबदल्यासाठी कोर्टात गेला. सरकारचं म्हणणं सरळ होतं: तहानं सगळं राणीला मिळालं, तुमचा हक्क फक्त देखरेखीचा. खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि ओलुवाबरोबर हर्बर्ट गेला. १९२१ मध्ये लॉर्ड हॅल्डेननं निकाल दिला की राज्य बदललं म्हणून रयतेची जमिनीवरची मालकी बुडत नाही. ती समूहाची असते, आणि इंग्रजी कायद्याचे साचे तिच्यावर आपोआप लादता येत नाहीत. आजोबांनी विंडसरला नकाशा दाखवला त्याला सत्तर वर्षं झाली होती. नातू लंडनमध्ये त्या नकाशाचा अर्थ आक्रसून घ्यायला आला होता, आणि तेही पट्टेदार सारोंच्या नव्हे, जुन्या सरदारांच्या बाजूनं.

सोबत त्यानं लागोसच्या राजाचा, एलेकोचा, राजदंड नेला होता. इंग्रजी वर्तमानपत्रांत एलेको म्हणजे कोट्यवधी नायजेरियनांचा राजा असं छापून आलं आणि लागोसचं सरकार खवळलं. एलेको एशुगबायी दोसुन्मूच्याच घराण्यातला. त्याला सांगितलं, दवंडी पिटून जाहीर कर की या माणसाशी आपला संबंध नाही. त्यानं नकार दिला. आधी तनखा गेला, १९२५ मध्ये गादी गेली, मग हद्दपारी. हर्बर्टनं तेही प्रकरण लावून धरलं, आणि १९३१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये लॉर्ड अ‍ॅटकिननी म्हटलं, की कायद्याचा आधार कोर्टात दाखवता आल्याशिवाय सरकारला कुणाच्या स्वातंत्र्यावर हात टाकता येत नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीत, विनाचौकशी अटकेबद्दलच्या जबलपूरच्या खटल्यात न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे उभे राहिले. त्यांच्या निकालपत्रात या एलेको खटल्याचा आधार घेतलेला आहे.

हर्बर्टची आरती करायला मी आलेलो नाही. एका विश्वस्तनिधीतल्या पैशांच्या अपहारासाठी त्याला १९१३ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. भक्तमंडळी म्हणतात, खटला सूडाचा होता. सूड असेलही, पण मृताच्या इस्टेटीचा पैसा वापरला गेला होता. १९२८ मध्ये दुसऱ्यांदा आत गेला तो एलेकोच्या खुनाच्या कटाची अफवा आपल्या वर्तमानपत्रात छापल्याबद्दल. ती शिक्षा राजकीयच. १९१३ च्या शिक्षेपायी त्याला निवडणूक लढवता येत नव्हती. १९२३ मध्ये त्यानं काढलेल्या पक्षानं लागोसच्या तिन्ही जागा जिंकल्या, पुढच्या दोन निवडणुकाही मारल्या, आणि हा दारोदार सभा घेत राहिला. १९३८ मध्ये तरुणांच्या नव्या पक्षानं त्याला धूळ चारली. ऐंशीला टेकल्यावर, १९४४ मध्ये, त्या तरुणांतलाच अझिकिवे त्याला नव्या आघाडीचं अध्यक्षपद द्यायला आला. दोन वर्षांनी प्रचाराच्या दौऱ्यात कानोला तो आजारी पडला आणि ७ मे १९४६ ला लागोसला वारला. आजोबा बिशप असूनही त्याच्या अंत्ययात्रेला मशिदींतून आलेली माणसं मोजता येणार नाहीत इतकी होती, असं म्हणायचा मोह होतो. पण एवढं नक्की, की ज्या सरदारांच्या आणि बाजारातल्या बायकांच्या जोरावर त्यानं राजकारण केलं, त्यांतले बहुतेक त्याच्या आजोबांच्या चर्चमध्ये कधी गेले नव्हते.