अपुऱ्या दिवसांचा मेंदू आणि ऑक्सिजन

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या कागदांवर ‘मेंदूला ऑक्सिजन कमी पडला’ असे लिहिलेले वाचले, की आईवडील मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: नेमका केव्हा कमी पडला? त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो, आणि तो बाळाच्या आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो: माझे काही चुकले का? आज मला या दोन्ही प्रश्नांविषयी बोलायचे आहे, कारण पहिल्याचे खरे उत्तर नीट समजले, की दुसऱ्याचे ओझे पुष्कळ उतरते.

पूर्ण दिवसांच्या बाळाबाबत अशी एखादी वेळ कधीकधी दाखवता येते. नाळ दाबली गेली, वार आधीच सुटली, किंवा प्रसूती अडली, आणि काही मिनिटे रक्तपुरवठा तुटला. अशा वेळी इजा प्रामुख्याने मेंदूच्या करड्या भागाला, म्हणजे बाहेरच्या सालीला आणि खोलवरच्या केंद्रांना होते. परंतु 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या मेंदूतील इजेचे मुख्य ठिकाण पांढरा भाग हे असते, आणि ती बहुधा एका क्षणात होत नाही. ती दिवसांमध्ये, कधी आठवड्यांमध्ये घडत जाते.

असे का होते, हे समजण्यासाठी त्या वयाचा मेंदू डोळ्यांसमोर आणावा लागेल. साधारण 24 ते 32 आठवड्यांच्या काळात मेंदूच्या पांढऱ्या भागात एका विशिष्ट प्रकारच्या कोवळ्या पेशींची गर्दी असते. पुढे याच पेशी चेतातंतूंभोवती मायलिनचे आवरण चढवतात, आणि त्या आवरणामुळेच संदेश वेगाने धावतो. आवरण चढवण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच्या या अवस्थेत त्या पेशी विलक्षण नाजूक असतात. रक्त कमी पडले तर त्या मरतातच, पण रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर जी क्रियाशील, विध्वंसक रसायने तयार होतात त्यांना निष्प्रभ करण्याची यंत्रणाही त्यांच्याजवळ अजून पुरेशी आलेली नसते. जगल्या-वाचलेल्या पेशीही पुष्कळदा पुढे पिकत नाहीत, जिथल्या तिथे अडकून राहतात.

त्यात रक्तवाहिन्यांची रचनाही अपुरी असते. मेंदूत मुळातच असलेल्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांलगतचा पांढरा भाग लांबून येणाऱ्या बारीक धमन्यांच्या अगदी टोकाशी असतो. पाटाचे पाणी कमी झाले की शेवटचा वाफा आधी सुकतो, तशी त्याची स्थिती असते. मोठ्या माणसाचा रक्तदाब थोडा वर-खाली झाला तरी मेंदू आपला रक्तप्रवाह स्थिर राखतो. आजारी, अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही क्षमता दुबळी असल्याने दाब पडला की प्रवाहही पडतो. व्हेंटिलेटरने गरजेपेक्षा जास्त श्वास दिला गेला आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड फार उतरला, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे ऑक्सिजनची पातळी चांगली दिसत असतानाही मेंदूपर्यंत रक्त कमी पोहोचू शकते. गर्भपिशवीतील किंवा जन्मानंतरच्या जंतुसंसर्गामुळे उठणारा दाह याच पेशींवर दुसरा घाव घालतो. हे सारे पाहिल्यावर ‘ऑक्सिजन कमी पडला’ हे वाक्य मला अपुरे वाटते. ते खोटे नाही. पण ते एका मिनिटाकडे आणि एका दोषीकडे बोट दाखवते, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसा दोषी नसतो.

ही इजा ओळखली कशी जाते? बाळाची टाळू अजून भरलेली नसते, आणि तीच आमची खिडकी. सोनोग्राफीचे लहानसे यंत्र त्या मऊ जागेवर अलगद टेकवले, की बाळाला काचेच्या पेटीतून न हलवता मेंदू पाहता येतो. पहिल्या तीन दिवसांत आम्ही मुख्यतः रक्तस्राव शोधतो, कारण पोकळ्यांच्या कडेच्या नाजूक केशवाहिन्या फुटण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. पांढऱ्या भागाची इजा मात्र त्या वेळी दिसेलच असे नाही. जिथे पेशी मेल्या तिथे छोट्या पोकळ्या, पडद्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या, दोन ते चार आठवड्यांनी उमटतात. म्हणून पहिली तपासणी चांगली आली, तरी पुढची टाळू नये. आज अशा ठळक पोकळ्यांपेक्षा विखुरलेली, सौम्य इजा अधिक आढळते आणि ती एमआरआयमध्येच नीट कळते.

1861 साली लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल या शल्यवैद्याने अकाली व अवघड जन्म आणि मुलांच्या आखडलेल्या पायांचा संबंध वैद्यकमंडळींपुढे मांडला. त्यामागचे शरीरशास्त्र आता आपल्याला ठाऊक आहे: पायांकडे जाणारे तंतू मेंदूच्या मूळच्या द्रवभरल्या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात, हातांचे आणि चेहऱ्याचे त्यांच्या बाहेरून. म्हणून इजा लहान असली, तर आधी पाय सापडतात. पुष्कळदा हे डॉक्टरांआधी आईच्या हाताला कळते. लंगोट बदलताना मांड्या सहज उघडत नाहीत, उभे धरले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात आणि बाळ चवड्यांवर टेकते. अशी आई काही सांगू लागली, की तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो.

मग भरपूर ऑक्सिजन द्यावा, हा उपाय नाही का? हा धडा वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. 1940च्या दशकात आणि 1950च्या सुरुवातीला काचेच्या पेटीत मुक्तपणे ऑक्सिजन दिला गेला आणि हजारो बाळांच्या डोळ्यांचा पडदा निकामी झाला. मग तो फार आवळून दिला गेला, तर मृत्यू वाढले. आज रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता साधारण 90 ते 95 टक्क्यांच्या पट्ट्यात राखली जाते. थंडाव्याच्या उपचाराबद्दलही आईवडील विचारतात. शरीराचे तापमान 72 तास सुमारे 33.5 अंश सेल्सिअसवर ठेवण्याची ही पद्धत दिवस भरलेल्या किंवा भरत आलेल्या बाळांसाठी आहे, आणि ती जन्मानंतर 6 तासांच्या आत सुरू करावी लागते. फार लवकर जन्मलेल्या बाळाला थंडी हाच धोका असतो. त्याला ऊब द्यायची असते.

खरा बचाव जन्माच्या आधीच सुरू होतो. लवकर प्रसूतीची लक्षणे दिसताच आईला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने, ज्यांचा गुण लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमध्ये 1972 साली दाखवून दिला, बाळाची फुप्फुसे तयार करतात आणि मेंदूतील रक्तस्रावही कमी करतात. 32 आठवड्यांआधीची प्रसूती टळणार नसेल, तर आईला मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत कायमचे व्यंग येण्याचा, धोका घटतो. बाळ बरे असेल, तर नाळ किमान एक मिनिट न कापता थांबावे. श्वास विसरणाऱ्या बाळाला कॅफिन द्यावे. यांतले काहीही फार खर्चाचे नाही. वेळ मात्र अचूक साधावी लागते.

घरी गेल्यावर बाळाचे वय दुरुस्त करून मोजावे. 10 आठवडे आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर त्याच्याकडून पावणेचार महिन्यांच्या आसपासच्या हालचालींचीच अपेक्षा ठेवावी. वर्षाच्या आत ते सतत एकच हात वापरू लागले, तर त्याला डावखुरे किंवा उजवे समजून सोडू नये. दुसरा हात अशक्त असू शकतो, तो दाखवून घ्यावा. या वयात मेंदू नव्या वाटा अजून घालू शकतो, म्हणून व्यायामाची सुरुवात निदानाची पक्की मोहर उमटण्याची वाट पाहत रोखू नये. आणि चित्रात काहीच दिसले नाही, बाळ वेळेवर चालू लागले, तरी लक्ष लागणे, वाचन आणि गणित यांतली अडचण शाळेत गेल्यावर प्रथम उघड होऊ शकते. तोपर्यंत पुढच्या तपासणीची तारीख बाळाच्या कागदांवर लिहिलेली असावी.