लेकीचे ओले हातमोजे

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या डिसेंबरात माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन मी केदारकंठा चढले. तेव्हापासून ओळखीचे आईबाप एकच विचारतात, लेकरांना बर्फात न्यावं का? त्याचं उत्तर द्यायला आज तुमच्यासमोर बसले आहे, आणि तिथे माझी जी चूक झाली तीही सांगणार आहे.

केदारकंठा हे उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं शिखर, उंची 12,500 फूट. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर. डेहराडूनहून गाडी सकाळी निघते, ती पुरोला, मोरी करत सांक्री या पायथ्याच्या गावी पोचेपर्यंत दिवस मावळतो. पुढे सगळं पायी.

तयारी आम्ही दोन महिने आधी सुरू केली. रोज सकाळी सेमिनरी हिल्स आणि रविवारी रामटेक. अंबाळा तलावाकडून गडावर जाणाऱ्या पायऱ्या, पाठीवर पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. नवे बूट तिने घरातसुद्धा घालून फिरून मऊ केले. दम वाढला, पाय तयार झाले. थंडीची तयारी मात्र नागपुरात होत नाही. इथे पारा आठ-दहावर आला की आपण शेकोटी पेटवतो! म्हणून कपड्यांकडे नीट लक्ष दिलं. सुती बनियन अजिबात नको, ते घाम पितं आणि ओलंच राहतं. आत घाम वाळवणारा कपडा, त्यावर लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट. मुलांच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ऊब फार लवकर निघून जाते.

पहिला मुक्काम जुडा का तालाबपाशी. तळं गोठलेलं, भोवती उंच झाडं, फांद्यांवर बर्फ. घरून नेलेली संत्री रात्री तंबूच्या कोपऱ्यात राहिली होती. सकाळी ती दगडासारखी झालेली. लेकीने सोलायचा प्रयत्न केला तर साल तुकड्या-तुकड्यांनी निघाली आणि आतली फोड दाताखाली कुरकुर वाजली. "आई, संत्र्याचं आइस्क्रीम!" म्हणून ती नाचली. त्या संध्याकाळी पुढच्या तळावर ती मनसोक्त बर्फात खेळली. मीही खेळू दिलं.

शिखराकडे पहाटे तीनला निघालो. डोक्याला बॅटऱ्या, बुटांना दातेरी साखळ्या. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी, त्यामुळे दहा पावलं टाकली की थांबायचं. तास-दीड तासाने माझ्या लक्षात आलं की पोरगी बोलत नाहीये. घरी जिचं तोंड मिटत नाही, ती गप्प. "काय झालं गं?" "काही नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आमचे पहाडी गाईडदादा मागे वळले आणि म्हणाले, "दीदी, बच्ची का दस्ताना उतारो."

हातमोजा काढला. आतला लोकरी मोजा ओला होता. संध्याकाळी बर्फात भिजला, तो तिने पिशवीच्या तळाशी दडवला आणि पहाटे तसाच चढवला. बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी पडलेली. मी दाबलं, तिला कळलंच नाही.

अशा वेळी बोटं चोळायची नाहीत, शेकोटीवरही धरायची नाहीत, कातडीला कळत नसतं म्हणून भाजू शकतं. मी जाकीट उघडलं आणि तिचे दोन्ही हात माझ्या पोटावर, उघड्या कातडीवर घेतले. बर्फाचे तुकडे ठेवल्यासारखं झालं. वाऱ्याकडे पाठ करून आम्ही तशाच बसलो. बऱ्याच वेळाने ती रडायला लागली. "आई, आता दुखून राहिलं." गाईडदादांनी सुटकेचा श्वास सोडला. दुखतंय म्हणजे रक्त परत येतंय.

"अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"तू स्टेशनवर मावशीला म्हणाली ना, आम्ही टॉपवरूनच फोन करू. मी सांगितलं असतं तर आपल्याला परत जावं लागलं असतं."

श्रोतेहो, ते वाक्य माझं होतं. गाडी सुटताना हौसेने बोललेलं. ते तिने हजार मैल मनात जपून नेलं आणि त्यापायी बोटं पणाला लावली. डोंगरावर नेताना मुलाच्या पिशवीत काय भरता याइतकंच त्याच्या कानावर काय घालता हे जपा. विरळ हवेचा त्रास डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं असा सुरू होतो, आणि तो वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय. पण तो सांगायचा मुलाने. आपण निराश होऊ असं त्याला वाटलं, तर ते सांगणार नाही.

बोटं पूर्ण गुलाबी झाल्यावरच कोरडे मोजे चढवले. तिला म्हटलं, इथून खाली गेलो तरी मला तेवढाच आनंद आहे, आता खरं सांग. तिने दोन्ही मुठी उघडून मिटून दाखवल्या. मग हळूहळू निघालो. दर थांब्याला ती हात, पाय, डोकं यांची खबर द्यायची.

वर पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग ही हिमशिखरं. काळे चष्मे काढू दिले नाहीत, कारण ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि डोळे भाजतात. माथ्यावर रोवलेल्या त्रिशुळापाशी बसून आम्ही खिशात उबेला ठेवलेलं एक संत्रं खाल्लं. फोन मी काढलाच नाही.

तर, न्यावं का? न्या. जरूर न्या.

नागपूर स्टेशनवर मावशी घ्यायला आली होती. "टॉपवर पोचलीस का गं?" तिने विचारलं. लेकीने आधी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "मावशी, माझी बोटं पांढरी झाली होती. मग मी आईला सगळं सांगितलं."