आधी दोरी काढा, मग बॉयलर

इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांकडे तरी लॉगिंगचं, म्हणजे जंगलातून तोडलेले ओंडके वाहणाऱ्या रेल्वेचं, एखादं मॉडेल इंजिन असणार, शे नाहीतर क्लायमॅक्स नाहीतर हाइस्लर. साहजिक आहे, ती इंजिनं दिसायलाच इतकी वेगळी आहेत, गिअरवर चालणारी, बाजूला फिरणारे शाफ्ट, जंगलातल्या कच्च्या रुळांवर वाकड्यातिकड्या चढावर हळूहळू जाणारी. पण मला एक गोष्ट कायम खटकते. लेआउटवर इंजिन असतं, मागे ओंडक्यांच्या गाड्या असतात, आणि ते ओंडके जंगलातून रुळापर्यंत आणले कोणी याचा पत्ताच नसतो. सहा फूट व्यासाचं डग्लस फरचं झाड, त्याचा चाळीस फुटी तुकडा, तो काय कोणी खांद्यावर आणला? ज्या मशीनने आणला ते मशीन म्हणजे स्टीम डाँकी, वाफेवर दोरी गुंडाळून ओंडका ओढणारी, आणि आज मी फक्त तिच्याबद्दल बोलणार आहे. ती रेडीमेड फारशी मिळत नाही आणि स्क्रॅचपासून बनवायला तिच्याइतकी छान वस्तू मला तरी माहीत नाही.

थोडं मागचं सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आधी हे काम बैल करायचे. बैलांच्या जोड्या एकामागे एक जुंपायच्या, वाटेत आडवी लाकडं पुरायची, त्यांना वंगण लावायचं आणि ओंडका त्यावरून घसरत न्यायचा. मग 1881 मध्ये कॅलिफोर्नियातल्या युरेका गावी जॉन डॉल्बीर या लाकूड कंपनीच्या भागीदाराने जहाजावरच्या विंचसारखं मशीन जंगलात नेलं, आणि 1882 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एक उभा बॉयलर, एक सिलिंडर, एक फिरकी, सगळं जाड लाकडांच्या घसरगाडीवर. जहाजावरच्या अशा छोट्या जोडइंजिनाला डाँकी म्हणायचे, तेच नाव इकडे आलं. दोरी ओंडक्याला बांधायची, फिरकीला वेढे द्यायचे, ओंडका आला की घोडा तीच दोरी परत जंगलात ओढून न्यायचा. घोड्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी नोकरीसाठी काही वर्षं पोर्टलंडजवळ होतो तेव्हा युरेकाला फोर्ट हम्बोल्टच्या पार्कमध्ये जुन्या डाँकी बघायला गेलो होतो. फोटोत ते मशीन खेळण्यासारखं वाटतं, समोर उभं राहिलं की कळतं ड्रमची, म्हणजे दोरी गुंडाळायच्या मोठ्या रिळाची, कडा आपल्या छातीला लागते. तिथून आल्यावर मी माझी पहिली डाँकी केली, चार महिने लागले, रिव्हेटसकट सगळं, आणि तिकडच्याच एका वयस्कर मॉडेलरला दाखवायला नेली. त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली आणि एवढंच विचारलं, याची दोरी कुठे जाते? मला उत्तर देता आलं नाही. दोन ड्रम केले होते, दोन्हींवर वायर गुंडाळली होती, पण ती वायर पुढे जायची झाली तर माझ्याच छपराच्या खांबावर आपटत होती. ते मॉडेल मी मोडलं आणि परत केलं, आणि तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे, ड्रॉइंगमध्ये सगळ्यात आधी दोरी काढायची, बॉयलर नंतर.

तर दोरी कशी जाते ते बघू. मोठी डाँकी, जिला यार्डर म्हणतात, तिला निदान दोन ड्रम. एकावर मेनलाइन, जाड, सव्वा इंचाच्या आसपास. ती सरळ जंगलात जाते आणि ओंडका ओढते. दुसऱ्यावर हॉलबॅक, पातळ, पण लांबीला दुपटीहून जास्त, कारण ती जंगलाच्या पार टोकाला बुंध्याला बांधलेल्या कप्प्यांमधून वळून परत येते आणि मेनलाइनच्या टोकाला जोडलेली असते. मेनलाइन गुंडाळली की ओंडका येतो, हॉलबॅक गुंडाळली की रिकामं टोक परत जंगलात जातं. म्हणजे हॉलबॅक हा तो घोडा आहे.

आता यातून मॉडेलमध्ये काय काय ठरतं बघा. ओंडका रुळापाशी पोचलेला दाखवायचाय? मग मेनलाइनचा ड्रम भरलेला हवा आणि हॉलबॅकचा जवळपास रिकामा, कारण ती सगळी बाहेर पसरलीये. टोक जंगलात परत गेलंय असं दाखवायचं तर मेनलाइनचा ड्रम जवळपास रिकामा आणि हॉलबॅकचा साधारण अर्धा भरलेला, कारण तिची जाणारी बाजू अजून बाहेरच आहे. ताण कुठल्या दोरीवर आहे तेही यावरूनच. ओढणारी दोरी पट्टीने आखल्यासारखी सरळ, दुसरी झोळ पडलेली. बहुतेक मॉडेल्समध्ये दोन्ही ड्रम गच्च भरलेले आणि दोन्ही दोऱ्या सैल असतात, म्हणजे मशीन चालू आहे की बंद तेच कळत नाही.

दोन्ही ड्रम एका गिअरवर कसे चालतात हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. ड्रम शाफ्टवर मोकळा असतो. मोठ्या गिअरच्या अंगाला लाकडी ठोकळे बसवलेले असतात, लिव्हर ओढला की ड्रम सरकून त्या ठोकळ्यांवर दाबला जातो आणि घर्षणाने गिअरबरोबर फिरायला लागतो, सोडला की परत मोकळा. शिवाय ड्रमला पट्ट्याचा ब्रेक. म्हणून चालवणाऱ्याच्या जागेपाशी लिव्हरची गर्दी असते आणि प्रत्येक लिव्हरमधून निघालेला रॉड कुठेतरी पोचला पाहिजे. सिलिंडर दोन, दोन्ही बाजूंना एकेक, आणि क्रँक एकमेकांशी 90 अंशात, कारण एक पिस्टन टोकाला अडकला तरी दुसरा मध्यावर असतो आणि मशीन कुठूनही सुरू होतं. हे 90 अंश चुकवू नका, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच पोझिशनला लावलेले मला लांबून दिसतात.

मापांचं म्हणाल तर मी एचओ या मॉडेल रेल्वेच्या स्केलमध्ये करतो, खरा एक फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिमी. पोर्टलंडची विलामेट आणि सिएटलची वॉशिंग्टन या आयर्न वर्क्सवाल्यांच्या मशीनची मापं जुन्या कॅटलॉगमध्ये असतात, नसतील तर फोटोवरून काढायची. डेरियस किन्सी नावाचा फोटोग्राफर वॉशिंग्टन राज्यातल्या लॉगिंग कँपमध्ये मोठा कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षं फिरला, त्याच्या फोटोत माणसं नेहमी मशीनच्या अंगावर उभी असतात, माणूस साधारण पावणेसहा फूट धरायचा आणि त्याच्या पायाशी जे आहे तेच मोजायचं, मागचं नाही. अकरा इंची सिलिंडर एचओमध्ये 3.2 मिमी होतो, तेरा इंची स्ट्रोक 3.8. सव्वा इंचाची मेनलाइन 0.36 मिमी, पाऊण इंची हॉलबॅक 0.22. हे आकडे घरी लिहून ठेवा कारण सगळ्यात जास्त चुका दोरीच्या जाडीत होतात, शिवणाचा दोरा वापरतात, त्याला केस असतात आणि मशीन एकदम खेळणं वाटायला लागतं.

बॉयलरला मी वीस मिमीचा इलेक्ट्रिकचा पीव्हीसी कंड्युट पाइप वापरतो. पाच फूट आठ इंचाचा बॉयलर झाला की तयार, आणि मोठ्या यार्डरला तो व्यास शोभतो. त्यावर पातळ स्टायरिन प्लास्टिकची शीट गुंडाळायची पण आधी तिच्यावर रिव्हेट उठवून घ्यायचे, मागच्या बाजूने बोथट सुईने दाबून. अंतर सारखं यायला मी जुन्या घड्याळाचं दातेरी चाक पेनाच्या टोकाला बसवलंय, पट्टीला लावून एकदा फिरवलं की खुणा तयार. हीच घड्याळं मोठ्या गिअरलाही कामाला येतात, वीस मिमीचं पितळी चाक म्हणजे पावणेसहा फुटी बुल गिअर, जुन्या बाजारात बंद पडलेली गजराची घड्याळं बघून ठेवा. आऱ्या मात्र घड्याळासारख्या बारीक ठेवू नका, प्लास्टिकची पट्टी चिकटवून जाड करा, ओतीव लोखंडाच्या वाटल्या पाहिजेत.

दोरीसाठी मोटर वाइंडिंगची तांब्याची तार, पुण्यात बोहरी आळीत वजनावर मिळते. 0.16 मिमीच्या तीन तारा ड्रिलमध्ये धरून पीळ दिला की बरोबर 0.35 च्या आसपास येते आणि खरा पीळही दिसतो. मग एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पक्कडीत, आणि हळूच ओढायची, तार किंचित लांबते आणि एकदम सरळ होते, सगळे बाक जातात. हे केल्याशिवाय ताणलेली दोरी ताणलेली दिसत नाही.

घसरगाडीला खरं लाकूडच घ्या. इथे मला बाभळीची जुनी फांदी आवडते, तिची साल भेगाळलेली असते आणि छोट्या मापात डग्लस फरच्या जवळ जाते, ओंडक्यांनाही तीच. घसरगाडीचे ओंडके मात्र सोललेले, पुढची टोकं खालून तिरकी तासलेली. कारण डाँकी स्वतःच स्वतःला ओढत न्यायची, पुढच्या बुंध्याला दोरी बांधायची, ड्रम सुरू करायचा आणि अख्खं मशीन बॉयलर-पाण्यासकट चढावर सरपटत जायचं. म्हणून त्या गाडीवर काही नुसतं ठेवलेलं नसतं, सगळं बोल्टने आवळलेलं किंवा साखळीने बांधलेलं. पाण्याची टाकी, जळाऊ लाकूड, आणि धुराड्यावर ठिणग्या अडवायची जाळी, ही जाळी विसरू नका, उन्हाळ्यातल्या कोरड्या जंगलात आगीची भीती सगळ्यात मोठी होती.

ओंडका नुसता जमिनीवरून ओढला तर त्याचं नाक वाटेतल्या प्रत्येक बुंध्यात घुसतं. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायलीड आलं. एक उंच झाड निवडायचं, माणूस दोर आणि पायाला काटे लावून वर चढायचा, फांद्या आणि शेंडा कापायचा, वर मोठी कप्पी टांगायची आणि चारी बाजूंनी ताण द्यायचे. मेनलाइन त्या कप्पीतून गेली की ओंडक्याचं पुढचं टोक उचललं जातं. असं झाड म्हणजे स्पार ट्री, दोनशे फुटी असेल तर एचओमध्ये सत्तर सेंटीमीटर होतं, घरातल्या लेआउटवर ते छताकडे बघतंय असं वाटतं, मी एकशेवीस फुटांचं केलं, बेचाळीस सेंटीमीटर, आणि पुरेसं उंच दिसतं. ताणाच्या दोऱ्या मात्र बेसबोर्डला खरोखर पक्क्या करा कारण मेनलाइनचा ओढ त्या झाडावरच येतो, माझं एकदा आठवड्याभरात वाकलं होतं.

रंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. लोक सगळं मशीन गंजवून टाकतात. अहो, रोज चालणारी डाँकी तेलकट काळी असते, ड्रमची आतली बाजू दोरीने घासून चकचकीत, लिव्हरच्या मुठी हातांनी गुळगुळीत, गंज कुठे तर फायरबॉक्सच्या खाली राख आणि पाणी पडतं तिथे. पूर्ण गंजलेली हवी असेल तर खुशाल करा, पण मग तिच्या घसरगाडीतून फर्न उगवलेलं दाखवा आणि दोऱ्या काढून टाका.

शेवटची दोरी सगळ्यात बारीक. ओंडका बांधणारे लोक डाँकीपासून शेकडो फूट लांब, तिला दिसतसुद्धा नाहीत. मग मध्ये एक पोरगा उभा असायचा, व्हिसल पंक, त्याच्या हातात एक लांब तार, ती झाडाझुडपांतून डाँकीच्या शिट्टीपर्यंत. बांधणाऱ्याने ओरडलं की हा तार ओढायचा आणि चालवणारा शिट्टी ऐकून ड्रम सुरू करायचा किंवा थांबवायचा. त्या पोराची चूक म्हणजे दोरीजवळच्या कोणाचा तरी जीव. माझ्या मॉडेलवर ती तार केसाइतकी आहे, बहुतेकांना दिसतच नाही, पण ती लावायला मला एक अख्खा रविवार लागला आणि तो मुलगा नसता तर मला ते दृश्य पूर्ण वाटलं नसतं.

आता मॉडेल टेबलावर ठेवतोय, पुढे या. ड्रमला हात लावू नका, पण हॉलबॅकच्या बाजूने बोट न टेकवता नुसतं वरून फिरवत जा, ड्रमपासून निघा, पहिली कप्पी, दुसरी कप्पी, आणि बघा ओंडक्यापाशी परत येता का.